मुलांना शिकायचं नाही, हे ठरवलं कुणी?

महापालिकेच्या शाळांविषयी बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं: ‘या मुलांना शिकायचंच नसतं.’ मुंबई महापालिका वह्या, दप्तर, गणवेश, बूट, छत्री अशा २७ वस्तू फुकट देते, दुपारी खिचडी देते, फी म्हणून एक पैसा घेत नाही, आणि तरीही सातवीतल्या मुलाला धड वाचता येत नाही. मग खोट मुलाच्या इच्छेतच असली पाहिजे, असा हा हिशेब. त्याला जोडून आणखी तीन वाक्यं येतात. नापास करणं बंद झालं आणि धाक गेला. आईबापांना काही पडलेली नाही. आणि जिद्द असेल तर माणूस रस्त्यावरच्या दिव्याखाली बसूनही शिकतो.

असं बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांत वीस-वीस वर्षं वर्गात उभे राहिलेले, घसा कोरडा करून शिकवणारे शिक्षकही असतात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. या सगळ्या बोलण्यात आधी काय घडलं आणि नंतर काय घडलं, याचा क्रम उलटा लागला आहे. गोवंडीतलं, मालवणीतलं, धारावीतलं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला शिकायचं असतं. पहिलीच्या कुठल्याही वर्गात प्रश्न विचारून बघा, उत्तर येवो न येवो, सगळे हात वर जातात. त्याच शाळेच्या आठवीत जा, मागच्या तीन बाकांवरची डोकी खाली असतात. मधल्या सात वर्षांत काय झालं, हा खरा प्रश्न आहे.

काय होतं ते सांगतो. दुसरीत असताना मूल आजारी पडतं, किंवा घरचे लग्नासाठी गावी जातात आणि परतायला महिना लागतो, किंवा झोपडी तुटते आणि कुटुंब दुसऱ्या वस्तीत जातं. परत येतं तोवर जोडाक्षरं संपलेली असतात, हातच्याची बेरीज संपलेली असते. पुस्तक पुढे गेलेलं असतं. तिसरीत हातचा घेऊन वजाबाकी करायची, तर दशक म्हणजे काय हेच पक्कं नाही. चौथीत भागाकार येतो, पाचवीत अपूर्णांक. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी, आणि आधीची पायरी त्याच्या पायाखाली नाही. विज्ञानाचा, इतिहासाचा तर प्रश्नच नको, कारण तिथे आधी वाचता यावं लागतं. शिक्षक फळ्यावर जे लिहितात ते तो वहीत उतरवतो. अक्षर सुंदर असतं, वही पूर्ण असते, लाल पेनाची सही असते, आणि त्यातलं अक्षरही त्याला कळलेलं नसतं.

हे मी कल्पनेने रंगवत नाही. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेजान्द्रो गानिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली दिल्लीतल्या सरकारी शाळांतल्या मुलांची पातळी मोजली. सहावीतलं सरासरी मूल गणितात आपल्या इयत्तेच्या अडीच वर्षं मागे होतं. नववीत पोहोचेपर्यंत हे अंतर साडेचार वर्षांवर गेलं होतं. म्हणजे नववीच्या बाकावर बसलेला मुलगा गणितात चौथी-पाचवीत होता आणि त्याच्यासमोर नववीचं पुस्तक उघडलेलं होतं. याच मुलांपैकी काहींना शाळा सुटल्यावर त्यांच्या खऱ्या पातळीपासून शिकवलं तेव्हा साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीतही ठळक प्रगती झाली. पण शाळेच्या परीक्षेत सर्वांत मागे असलेल्या मुलांचे गुण फारसे हलले नाहीत, कारण शाळेची परीक्षा नववीचं विचारत होती आणि मुलं पाचवीपर्यंतच पोहोचली होती. शिकलेलं मूलही शाळेच्या नजरेला न शिकलेलंच दिसलं.

आता विचार करा. आपल्यापैकी कुणालाही रोज पाच-सहा तास एका अनोळखी भाषेतल्या भाषणाला बसवलं, मध्ये मध्ये उठवून प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही की वर्गासमोर उभं ठेवलं, आणि हे सहा-सात वर्षं चालवलं, तर आपण काय करू? चिडू, झोपू, खोड्या काढू, नाहीतर येणंच बंद करू. ही मुलं येतात. हजेरीला ‘हजर’ म्हणतात आणि बसतात. यात मला इच्छेचा अभाव दिसत नाही. कोणत्याही प्रौढाकडे नसेल इतका संयम दिसतो.

‘पण यांची बुद्धीच तेवढी’ असं कुणी कुजबुजलं, तर त्याने भाजीगल्लीत जाऊन यावं. अर्थशास्त्रज्ञ बॅनर्जी, डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत माल विकणाऱ्या मुलांकडून संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन खरेदी केली. २० रुपये किलोचे ८०० ग्रॅम बटाटे, १५ रुपये किलोचे १ किलो ४०० ग्रॅम कांदे, अशा धर्तीचे हिशेब. कागद नाही, पेन नाही, आणि बहुतेक मुलं बरोबर रक्कम सांगून सुटे पैसे परत करत होती. तीच मुलं वहीतल्या भागाकारापुढे अडली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं साधं उदाहरण जेमतेम एकतृतीयांश मुलांना सुटलं. यातली बरीच मुलं शाळेत जाणारी होती. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांबाबत १९८५ साली हेच दिसलं होतं: ठेल्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर, तीच आकडेमोड कागदावर मांडली की ३७ टक्के.

भारतातल्या या अभ्यासाचा दुसरा भाग मला जास्त अस्वस्थ करतो. फक्त शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं वहीतली उदाहरणं बरी सोडवत होती, पण बाजारातल्या हिशेबात गोंधळली. म्हणजे शाळेने एकाला रीत दिली आणि तिचा उपयोग दिला नाही. दुसऱ्याकडे उपयोग आधीच होता, त्यावर रीत चढवण्याची तसदी शाळेने घेतली नाही. संध्याकाळी वडिलांच्या गाडीवर उभं राहून शंभर गिऱ्हाइकांचा हिशेब ठेवणारी मुलगी सकाळी वर्गात ‘गणितात कच्ची’ ठरते, आणि त्या शेऱ्याखाली पालकांची सही घेतली जाते. त्या मुलीला काय वाटत असेल, याचा विचार शेरा लिहिणाऱ्याने एकदा करावा.

उपाय सापडलेला नाही असंही नाही. तो मुंबईतच सापडला होता. ‘प्रथम’ ही संस्था नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाली. तिचा बालसखी हा उपक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत चालला. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली तरुणी, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, वर्गातली सर्वांत मागे पडलेली पंधरा-वीस मुलं, रोजचे दोन तास, आणि मुलं जिथे अडली असतील तिथून वाचन आणि अंक. या प्रयोगाचा काटेकोर अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात सर्वाधिक फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांनाच झाला होता. अशाच कामांसाठी बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या बालसखींना महिन्याला ५०० ते ७५० रुपये मिळत. ही स्वस्ताई मला अजिबात मिरवावीशी वाटत नाही. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात फायद्याचा बराच भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासाने नोंदवलं आहे. तो ओसरणारच होता, कारण मुलं पुन्हा त्याच वर्गात, त्याच पुढे निघून गेलेल्या पुस्तकासमोर बसली. पण मुद्दा असा की त्या दोन तासांत मुलांच्या अंगात जिद्द भरण्याचं कुठलंही भाषण नव्हतं. मूल तेच, घर तेच, वस्ती तीच. समजेल असं शिकवलं, आणि ते शिकलं.

आता धाकाकडे येऊ. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला, आठवीपर्यंत नापास करणं थांबलं, आणि तेव्हापासून सगळ्या अधोगतीचं खापर त्या एका कलमावर फुटतं. २०१९ मध्ये संसदेने कायदा बदलला, २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली: नापास झालात तर पुनर्परीक्षा, तिथेही नापास तर त्याच वर्गात. ‘आता मुलं अभ्यासाला लागतील’ असं पुष्कळांना वाटलं.

मी त्या कायद्याचं कलम २४ वाचायला सांगतो. शिक्षकाच्या कर्तव्यांत तिथे दोन गोष्टी एकाखाली एक आहेत. एक, ठरलेल्या वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणं. दुसरी, प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत तपासून त्याला लागेल ती जादा शिकवणी देणं. तपासणीला येणारा अधिकारी पहिल्या कर्तव्याची चौकशी करतो, दुसऱ्याची कधी करत नाही. नापास न करण्याचं कलम या दुसऱ्या कर्तव्याच्या भरवशावर उभं होतं. आपण आधार काढून घेतला, कलम कोसळलं, आणि दोष कलमाला दिला. नवी व्यवस्था तरी काय करते? नापास मुलाला जादा शिकवून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घेते. चार वर्षांचं साठलेलं अंतर मे आणि जूनच्या उकाड्यात कोण भरून काढणार आहे? आणि नंतर तेच मूल त्याच वर्गात, तेच न समजलेलं पुस्तक घेऊन, आता एका वर्षाने लहान मुलांमध्ये बसेल. मुलगा असेल तर गॅरेजमध्ये, जरीच्या कारखान्यात किंवा सामान पोचवण्याच्या कामावर जाईल. मुलगी असेल तर घरी बसवली जाईल. धाकाने मूल बाकावर बसतं एवढंच. भागाकार कसा करायचा, हे धाक सांगत नाही.

आमिषाचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांच्या शाळांत अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी मुलांना रोख पैसे देऊन पाहिले. निष्कर्ष २०११ साली आले. न्यूयॉर्कमध्ये परीक्षेतल्या गुणांवर पैसे ठेवले, तर फरक पडला नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले, तर वाचन सुधारलं. न्यूयॉर्कच्या मुलांना विचारलं की गुण वाढवायला काय कराल, तर ‘प्रश्न नीट वाचू’ यासारखी उत्तरं आली. पैसे त्यांना हवे होते. वाट ठाऊक नव्हती.

‘आईबापांना पडलेली नाही’ हे वाक्य तर मला ऐकवत नाही. २०२० मध्ये मुंबई महापालिकेने जोगेश्वरीच्या पूनम नगरात सीबीएसईची शाळा काढली, पुढच्या वर्षी आणखी शाळा आल्या, तेव्हा जागांपेक्षा अर्ज इतके झाले की सोडत काढावी लागली. ते अर्ज भरले कुणी? घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, जरीकाम करणाऱ्या आईबापांनीच. पालिकेची फुकट शाळा सोडून गल्लीतल्या इंग्रजी शाळेत महिन्याच्या महिन्याला फी भरणारेही तेच. ते पालकसभेला येत नाहीत, कारण सभा सकाळी अकराला असते आणि रोजंदारी बुडते. ते अभ्यास घेत नाहीत, कारण स्वतः शाळेत गेलेले नसतात. सुखवस्तू घरातलं मूल मागे पडलं तर त्याच्या इच्छेची चौकशी कुणी करत नाही, त्याला क्लास लावतात. शहरांत जवळजवळ तीनांतलं एक मूल शिकवणीला जातं, असं २०२५ च्या केंद्रीय पाहणीत दिसलं. ज्याला शिकवणी विकत घेता येते त्याची अडचण ही अडचण असते, आणि ज्याला घेता येत नाही त्याची अडचण त्याचा स्वभाव ठरतो.

राहिली जिद्द. अमेरिकेतला मिठाईचा प्रयोग आता आपल्या शिक्षक-प्रशिक्षणांतही सांगितला जातो. लहान मुलासमोर एक गोड वडी ठेवायची, थांबलास तर दोन देईन म्हणायचं, आणि जे थांबतं ते पुढे यशस्वी होतं. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठात याला एक जोड दिली गेली. आधी काही मुलांना चित्रांसाठी चांगले रंग आणून देतो असं सांगून खरंच आणून दिले, काहींना वचन देऊन रिकाम्या हाताने परत आले. मग वडी ठेवली. ज्यांच्याशी शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं. थांबण्याची ताकद मुलात जन्मजात किती आणि समोरच्याच्या शब्दाच्या खरेपणावर किती, याचं उत्तर त्या नऊ मिनिटांत आहे.

आपल्या वस्तीतल्या मुलाशी कोणता शब्द पाळला गेला? २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी शाळा असलेल्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांतून मोकळं केलं. उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द केला. तोवर इतर मुलांची शाळा सुरू झाली होती आणि ही मुलं घरी बसून होती. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून लोकांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी माहुलला नेलं. तिथे माणसाने राहण्यासारखी हवा नाही हे न्यायालयात मांडता मांडता २०१९ उजाडलं. तेवढ्या काळात कित्येक मुलांची शाळा दोन-दोन बस लांब गेली. करोनात शाळा दीड वर्षाहून जास्त काळ बंद राहिल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी पंधरा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब घरांची पाहणी केली, तेव्हा शहरांतली फक्त २४ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती. आणि थोरला भाऊ बारावी होऊन पाठीवर पिशवी घेऊन लोकांच्या दारात जेवण पोचवतो, हे मूल रोज बघतं. अशा मुलाने ‘दहा वर्षांनी फळ मिळेल’ यावर विश्वास ठेवून आजचा दिवस पुस्तकात घालवावा, अशी आपली अपेक्षा आहे. कित्येक मुलं तरीही घालवतात. गोवंडीच्या शिवाजी नगरात १० बाय १५ फुटांच्या खोलीत सहा-सात माणसं राहतात. तिथे रात्री साडेअकरानंतर, सगळे झोपल्यावर, मोबाइलच्या उजेडात मुलगी स्वाध्याय लिहिते.

रस्त्याच्या दिव्याखाली शिकलेल्या थोरांची नावं घेणाऱ्यांनी त्या थोरांनी पुढे काय केलं तेही बघावं. बाबासाहेबांच्या बुद्धीला आणि कष्टाला तोड नव्हती, तरी त्यांच्या पाठीशी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती. त्यांनी स्वतः काय उभारलं? १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय, तेही नोकरी करणाऱ्याला येता यावं म्हणून सकाळच्या वर्गांसह. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हटलं तेव्हा कमवण्याची सोयही आपल्या संस्थेतच केली. परिस्थिती जवळून पाहिलेल्या या माणसांनी मुलांना जिद्दीवर नुसती भाषणं दिली नाहीत. त्यांनी झोपायला जागा दिली, जेवण दिलं, दिवा दिला, आणि कामाच्या वेळा सांभाळून वर्ग भरवले.

त्यांचा वारसा मुंबईत अजून श्वास घेतो आहे. दिवसभर कॅन्टीनमध्ये, दुकानात, कारखान्यात काम करून संध्याकाळी साडेसहाला रात्रशाळेत जाणारी मुलं या शहरात आहेत. ज्यांना शिकायचं नसतं त्यांनी दिवसभर राबून पुन्हा बाकावर का बसावं? आणि राज्याने त्यांना काय दिलं? मे २०१७ च्या शासन निर्णयाने दिवसा दुसरीकडे नोकरी असलेल्या शिक्षकांना रात्रशाळांतून एका फटक्यात कमी केलं, आणि ऐन जूनमध्ये कित्येक वर्ग शिक्षकांविना राहिले. इच्छा कोणाची कमी पडली, ते इथे स्वच्छ दिसतं.

शिक्षकांनी यातलं काही आपल्यावर ओढून घेऊ नये. पन्नास मुलांत दुसरीपासून सातवीपर्यंतच्या सहा पातळ्या, हातात एकच पुस्तक, वर मतदारयादीचं काम, आणि दर महिन्याला नवं अॅप, अशा स्थितीत ‘मुलांना शिकायचं नाही’ असं वाटू लागणं मी समजू शकतो. हताश माणूस असंच बोलतो. पण हे बोलणं त्या शिक्षकाच्याही विरुद्ध जातं, कारण मुलंच नालायक असतील तर वर्गातली मुलं कमी कशाला करायची, मदतनीस कशाला द्यायचे, असं म्हणायला वरचे मोकळे होतात.

पाचवी-आठवीच्या परीक्षेवर जो वेळ, कागद आणि माणूसबळ खर्च होतं, ते येत्या जूनमध्ये दुसरीकडे वळवा. पहिल्या पंधरा दिवसांत प्रत्येक मुलाला शेजारी बसवून वाचायला लावा, चार आकडेमोडी करायला लावा आणि त्याची पातळी लिहून ठेवा. तिसरी ते आठवीपर्यंत रोजचे दोन तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करा, आणि ते एका हंगामाचा उपक्रम म्हणून नको, वेळापत्रकात कायम. त्यासाठी वस्तीतल्या शिकलेल्या मुली नेमा, आणि त्यांना किमान वेतन द्या. या दोन तासांत अभ्यासक्रम मागे पडला म्हणून कुठल्याही शिक्षकाला नोटीस जाणार नाही, हे शिक्षणाधिकाऱ्याने लेखी द्यावं. वस्तीतल्या पालिका शाळांच्या खोल्या वर्ग सुटल्यावर कुलूपबंद न करता पंखे, दिवे आणि एक देखरेखीचं माणूस ठेवून रात्री दहापर्यंत उघड्या ठेवाव्यात. एवढं पाच वर्षं सलग करा. त्यानंतरही आठवीच्या मागच्या बाकावर कुणाचं डोकं खाली दिसलं, तर त्याच्या इच्छेविषयी जरूर बोलू.